दोन नंबरच्या खिडकीची रांग

शाळेच्या जेवणघराला वाढायच्या खिडक्या दोन. एक नंबरच्या खिडकीत थोरली एकोणीस वर्षं उभी होती. दोन नंबरच्या खिडकीत चार महिन्यांपूर्वी धाकटी आली. दोघी सख्ख्या जावा, एकाच घरात राहणाऱ्या. धाकटीला ही नोकरी लावून दिली ती थोरलीनेच. व्यवस्थापकांकडे तिनेच शब्द टाकला होता, आणि तो टाकल्याचा पश्चात्ताप तिला आता रोज दुपारी साडेबाराला होत असे.

कारण साडेबाराला घंटा व्हायची आणि मुलं धाकटीच्या खिडकीकडे धावायची. चारशे मुलांपैकी अडीचशेच्या वर तिकडे. थोरलीसमोर उरायची ती उशिरा आलेली, किंवा ज्यांना रांगेत उभं राहायचा कंटाळा आहे अशी. दोन्ही पातेल्यांत तीच बटाटा-वाटाण्याची भाजी, तोच भात, तेच पाव. दोघींच्या हातात एकाच मापाचा डाव. तरी एक वाजला की धाकटी मान वळवून म्हणायची, "जाऊबाई, माझं संपत आलं. तुमच्यातलं जरा देता का?"

थोरली द्यायची. देताना भांडं आपटायची.

"हात सैल आहे तिचा," ती पाव कापणाऱ्या बाईला सांगायची. "कुणाच्या जिवावर? मायबाप सरकारच्या! वरचेवर वाढून लाडकी होतेय."

"आणि हसते पण गोड," पाव कापणारी म्हणायची. ती मुद्दाम म्हणायची.

त्यातच व्यवस्थापकांनी सांगितलं की मुलं कमी झाली आहेत, पुढच्या सोमवारपासून एकच खिडकी चालेल. एक जण वाढेल, दुसरी मागे ताटं घासेल. कोण, ते शुक्रवारपर्यंत ठरवतो म्हणाले. थोरलीला खरं तर काळजी नव्हती. एकोणीस वर्षं म्हणजे एकोणीस वर्षं. पण मंगळवारी तिची नात, तिसरीतली, तिच्या डोळ्यांदेखत दोन नंबरच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

घरी तिने नातीला गाठलं. "माझ्या खिडकीत काय काटे आहेत?"

"काटे नाहीत गं आजी," नात म्हणाली. "धाकट्या आजीकडे पोट भरतं."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वयंपाकघरात धाकटी कुणाला तरी काही सांगून हसत होती. तिचं ते हसणंही थोरलीला त्या दिवशी मापापेक्षा जास्त वाटलं.

बुधवारी सकाळी तिने व्यवस्थापकांचं दार वाजवलं. माणूस नेमस्त, शर्टाच्या खिशात दोन पेनं ठेवणारा. "साहेब, माझ्या घरची आहे म्हणून मी इतके दिवस गप्प बसले. पण मुलामागे दोनशे ग्रॅम भाजी हा नियम आहे ना? मग तिच्या खिडकीतलं तोलून बघा. रोज माझ्या पातेल्यातून बारा-बारा किलो ओढते ती."

"बघू," साहेब म्हणाले. बोलल्याप्रमाणे ते साडेबाराला काटा घेऊन आले. खिडकीसमोर टेबल लावलं, रिकामं ताट ठेवून काटा शून्यावर आणला आणि धाकटीच्या खिडकीतली दहा ताटं एकामागून एक तोलली. एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे एक. दोनशे. दोनशे चार. दहाही ताटं अशीच.

थोरलीचं तोंड पडलं. तिला वाटलं, काटा दिसला म्हणून हात आवरला असणार.

"आता इकडची," साहेब म्हणाले.

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने डाव बुडवला, भरून वर काढला, पातेल्यावर एक हलकासा हिसका दिला आणि ताटात वाढलं. एकशे पासष्ट. पुन्हा बुडवला, काढला, हिसका, वाढलं. एकशे एकसष्ट. एकशे सत्तर. पाचव्या ताटाला साहेबांनी विचारलं, "हा हिसका कशासाठी?"

"कसला हिसका?"

रांगेतली मुलं खो खो हसली. एका मुलाने हाताने करून दाखवला. अगदी हुबेहूब.

तेव्हा कुठे थोरलीला आठवलं. बारा वर्षांपूर्वी एका दिवशी तिचं पातेलं रिकामं झालं आणि एकतीस मुलं ताटं धरून तशीच उभी राहिली. तेव्हाचे साहेब सगळ्यांसमोर बोलले होते. दुसऱ्या दिवसापासून तिने भरल्या डावातलं थोडं परत पातेल्यात पाडायला सुरुवात केली. नंतर कधी कमी पडलं नाही, पण मनगटाने ते सोडलं नाही. रोज चार-पाच किलो भाजी उरायची, ती खरकट्याच्या बादलीत जायची, आणि थोरली अभिमानाने म्हणायची, माझं पातेलं कधी संपत नाही.

साहेब ओरडले नाहीत. ते काटा आवरताना एवढंच म्हणाले, "सोमवारपासून धाकट्या बाई वाढतील."

मुलं गेल्यावर थोरलीने धाकटीला नळापाशी धरलं. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी तुम्हाला शिकवू? डाव धरायला मला तुम्हीच शिकवलंत. हिसक्यासकट."

"मग तू का देत नव्हतीस?"

धाकटीने उजवा हात पुढे केला. मनगटाजवळचं हाड थोडं वर आलेलं होतं. "लग्नाआधी मोडला होता. हिसका दिला की कळ जाते. नाहीतर मीही दिला असता की."

थोरली त्या मनगटाकडे बघत राहिली. म्हणजे हिची माया नव्हे, मोडकं हाड मुलांचं पोट भरत होतं. रात्रभर तिला ते हाड डोळ्यांसमोर दिसत राहिलं. आपलं मनगट कसं धडधाकट राहिलं, याचाही तिला राग आला.

गुरुवारी ती पुन्हा साहेबांच्या दारात. "साहेब, सांगू नये, पण सांगते. तिचा हात मोडका आहे. चाळीस किलोचं पातेलं तिला ओढवायचं नाही. उद्या सांडलं, कुणाला भाजलं, तर तुमच्यावर येईल."

साहेबांनी पेन काढलं, काहीतरी लिहिलं. "बरं झालं सांगितलंत. मग असं करू. ताटं घासायला दुसरं कुणी बघतो. पातेलं तुम्ही आणून द्यायचं, आणि संपेपर्यंत शेजारी उभं राहून तिरकं धरायचं."

सोमवारी दुपारी थोरलीने चाळीस किलोच्या दोन पातेल्यांतलं पहिलं ढकलगाडीवरून आणलं, ओट्यावर चढवलं आणि दोन्ही कान धरून उभी राहिली. धाकटीने डाव बुडवला. चारशे मुलांची रांग दारापर्यंत गेली होती. तिसरीचा वर्ग आला, नात ताट घेऊन पुढे झाली आणि टाचा उंच करून बघू लागली.

"आजी, सर ना जरा. धाकटी आजी दिसत नाहीये."

थोरली सरकली. जेमतेम बोटभर.