जिन्यावरचा कवडसा

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. आमच्याकडे व्याह्यापर्यंत जायची वेळच आली नाही. पोटच्या लेकीनं धाडलं, आणि घोडं नाही, कुत्रं. म्हणे, आई, दोन महिने सांभाळ, मला खोली मिळाली की घेऊन जाते. त्याला दोन वर्षं झाली. बाईसाहेबांना खोली मिळाली, नोकरी मिळाली, कुत्रं ठेवायची परवानगी तेवढी मिळाली नाही. तिनं त्याचं नाव काहीतरी गोडगोड ठेवलं होतं. मी ठोंब्या म्हणायला लागले आणि आठवड्यात तो त्याच नावाला वळायला लागला. यावरून त्याची अक्कल समजून घ्या.

आमचं आरशांचं दुकान. खाली दुकान, वर घर. खाली मधोमध काच कापायचं मेज, भिंतींना टेकवून उभ्या काचा, आरसे, चौकटी. मागच्या कोपऱ्यातून जिना वर जातो आणि वर पोचलं की समोरच सासऱ्यांची खोली. बाबा एके काळी काचेला मागून मुलामा चढवून स्वतः आरसे करायचे. आरशाच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवून तो कुणी कापलाय ते सांगायचे. गेल्या वर्षी त्यांचं उजवं अंग गेलं. तेव्हापासून खिडकीजवळच्या खाटेवर. बोलतात, पण एकेक शब्द शोधून आणावा तसं, आणि तो येईस्तोवर थांबायला दुकानात वेळ कुणाला आहे?

सुरुवातीला त्यांच्या उशाशी पितळी घंटी ठेवली होती. दिवसातून चाळीसदा वाजायची. पाणी सरलंय, उशी घसरलीय, खिडकी लाव, खिडकी उघड. मी खाली चौकटीला खिळे मारतेय, वर घंटी. गिऱ्हाइकाला माप सांगतेय, वर घंटी. एक दिवस मी ती उचलली आणि कपाटाच्या खणात टाकली. म्हटलं, बाबा, दर तासाला मी येतेच आहे, घंटी हवी कशाला? आणि दर तासाला म्हणजे मी जायचे, अगदी घड्याळाच्या नाही पण जायचे.

पुढे ठोंब्याला जिना चढायचा नाद लागला. सारखा वर-खाली, वर-खाली. कुणी काच घेऊन चाललं की हा पायात. मी यांच्यामागे टुमणं लावलं आणि जिन्याच्या तळाशी फळ्यांचं फाटक करून घेतलं. यांनी ते महिनाभर लांबवून एका रविवारी ठोकलं. आमच्या यांचं असंच आहे. आपल्याच बापाच्या खोलीत रात्री एकदा डोकावतात, 'बरं आहे ना?' विचारतात आणि उत्तर येण्याआधी दिवा घालवतात.

तर, फाटक झालं आणि ठोंब्याचं डोकं फिरलं.

सकाळी दहा-साडेदहापर्यंत ठीक. मग उठायचा, फाटकाशेजारच्या भिंतीसमोर उभा राहायचा आणि टक लावून बघायचा. मग उडी. मग भिंतीला नाक घासायचं, पंज्यांनी खरवडायचं, गोल गोल फिरायचं, परत भिंत. तोंडाला फेस, नाकाचं साल निघालेलं. हाक मारा, पाणी मारा, ओरडा, ढिम्म. सुरुवातीला गिऱ्हाइकं हसायची, फोनवर चित्रण करायची. हेही हसायचे. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मग मी ओरडायला लागले. ओरडलं की त्याला आणखी चेव यायचा.

आणि मग एक दिवस हे मोठी काच दोन्ही हातांत धरून मेजाकडे येत होते आणि ठोंब्या भिंतीवरून उलटा फिरून थेट यांच्या गुडघ्यात घुसला. काच गेली. मनगटाला सात टाके. दोन बोटं इकडे लागलं असतं तर हात गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी यांनी ठरवून टाकलं. नाक्यापलीकडच्या गोदामवाल्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. येत्या रविवारी तो येणार आणि ठोंब्याला घेऊन जाणार. तिथली कुत्री मी पाहिली आहेत. दोन हात साखळी, आणि साखळीच्या टोकाला कुत्रं, ते मरेपर्यंत. मला वाईट वाटलं का? नाही. म्हटलं, सुटले.

लेकीला कळल्यावर ती फोनवर ढसाढसा रडली. रडायला काय जातंय, कुत्रं कुठे तिच्या पायात येत होतं? तिनं एक आठवडा मागून घेतला आणि सोमवारी एक मनुष्य पाठवला. कुत्र्यांचे मास्तर. अंगात सोळा खिशांचं जाकीट, त्यातल्या चार खिशांत उकडलेल्या चिकनचे तुकडे, आणि आवाज असा की जणू घरात बाळ झोपलंय. आले आणि जमिनीवर फतकल मारून बसले. अर्धा तास. नुसते. असं बसणं ज्ञान असतं तर आमचे हे कधीच जगद्गुरू झाले असते.

अर्ध्या तासानं मास्तर म्हणाले, "ताई, तो खेळत नाहीये. त्याला थांबता येत नाहीये."

म्हटलं, वा, काय शोध लावलात. मग त्यांनी समजावलं. कुत्रा कशाच्या तरी मागे लागतो आणि ते त्याला कधीच सापडत नाही, असं रोज रोज झालं, की त्याचं डोकं त्या एकाच रुळावर अडकतं. काही कुत्री शेपटीमागे लागतात, काही उजेडामागे. हा उजेडामागे लागलाय, बहुतेक आरशांच्या कवडशांमागे. तेव्हा सगळे आरसे झाका. तो सुरू झाला की हसायचं नाही, ओरडायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. सुरू व्हायच्या आधीच त्याला काम द्यायचं. जुन्या कापडात खाऊचे तुकडे गुंडाळून हुंगायला द्यायचे, बाहेर फिरवून आणायचं. आणि वहीत लिहायचं, किती वाजता सुरू झाला, त्याआधी काय झालं होतं.

आरशांच्या दुकानात आरसे झाका! हलवायाला सांगा साखर लपवायला. पण लेकीची शपथ, म्हणून जुन्या चादरी काढल्या आणि झाडून सगळे आरसे झाकले. गिऱ्हाइकं विचारायला लागली, दुकान बंद करताय का. वहीसुद्धा लिहिली मी. मंगळवार, अकरा वाजून दहा मिनिटं, भिंतीला नाक, मूर्खपणा चालू. मंगळवार, बारा, कापडातलं चिकन खाल्लं, आभार न मानता परत भिंत. बुधवार, दिवसभर आभाळ, महाराज झोपलेले. गुरुवार, पावणेअकरा, पुन्हा येरे माझ्या मागल्या. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, तसं कुत्र्याचं डोकंही असणार.

गुरुवारी संध्याकाळी मास्तर आले, वही वाचली. माझ्या शेऱ्यांवर हसले नाहीत, हे मला जास्त लागलं. बोट वेळांवरून फिरवत राहिले. साडेदहाच्या आधी काही नाही, एकनंतर काही नाही, आभाळ होतं त्या दिवशी काहीच नाही. मग वही मिटून म्हणाले, "या घरात अजून एक आरसा उघडा आहे."

मला असा संताप आला म्हणून सांगू. चोवीस वर्षं या घरात काढली. कुठला आरसा कुठल्या भिंतीला आहे हे झोपेतून उठवून विचारा. आणि हे कालचं खिशांचं जाकीट मला सांगणार! म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकू नका, या आणि शोधून दाखवा. ते म्हणाले, मी नाही, तुम्हीच शोधा, उद्या साडेदहाला त्याच्या जागी बसून बघा.

त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून मी शुक्रवारी बसले. फाटकाच्या आतल्या बाजूला, खालच्या पायरीवर, मांडीवर चौकटीच्या कड्यांचा डबा. ठोंब्या फाटकाबाहेर. पावणेअकरा झाले. कड्या निवडता निवडता त्याचे कान उभे झालेले दिसले. मी भिंतीकडे बघितलं.

तळहाताएवढा कवडसा. आमच्या दुकानात कवडसे पैशाला पासरी, त्यांच्याकडे कोण बघतो? पण आज सगळे आरसे झाकलेले होते. आणि हा कवडसा वरून आला, पायरी पायरी उतरत. भिंतीवर थांबला. तीनदा हलला. थांबला. परत तीनदा हलला. ठोंब्या फाटकावर आपटला, त्या फळ्यांना नाक लावून रडल्यासारखा आवाज काढायला लागला. कवडसा परत वर गेला, परत खाली आला, तीनदा हलला.

मी वर गेले.

बाबा उशीवर मान वळवून दाराकडे बघत होते. डाव्या हातात त्यांचा दाढीचा आरसा, त्यांनी स्वतः कापलेला, कडा घासलेला. खिडकीतलं ऊन त्यावर पडलेलं. लघवीचं भांडं खाटेखाली लांब सरकलेलं होतं आणि अंथरूण ओलं होतं. गार झालेलं, म्हणजे आत्ताचं नव्हे. रोज दुपारी मी ते अंथरूण बदलायचे आणि रोज म्हणायचे, बाबा, जरा आधी सांगायला काय होतं?

मी विचारलं, हे काय चाललंय? त्यांनी आरसा छातीवर पालथा ठेवला. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं त्यांचं. थोडं त्यांच्या तोंडून, थोडं माझं मीच जुळवून, सगळं कळलं. घंटी गेली, मग त्यांनी आरशानं उजेड खाली टाकायला सुरुवात केली. कुणीतरी बघेल म्हणून. आरशांच्या घरातली माणसं, कवडसा ओळखतील असं त्यांना वाटलं. आठवडाभर कुणी मान वर केली नाही. आठव्या दिवशी ठोंब्यानं केली. उजेडाचा माग काढत जिना चढला आणि खाटेशी येऊन बसला. मग रोज. बाबांनी हलवायचं, त्यानं यायचं. मग मी फाटक करून घेतलं. बाबांना वरून फाटक दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, कुत्र्यालाही कंटाळा आला. म्हणून ते जास्त वेळ हलवत राहिले.

मला माझीच लाज वाटली. कुत्र्याला मूर्ख म्हणत मी वहीची चार पानं भरली होती, आणि साऱ्या घरात बोलावल्यावर यायचं एवढं एकट्या त्यालाच कळत होतं.

अंथरूण बदललं, भांडं हाताशी ठेवलं. कपाटाच्या खणातून घंटी काढली, पदरानं पुसली आणि त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. म्हटलं, चुकलं माझं. आता हवी तितकी वाजवा.

बाबांनी घंटीकडे बघितलं. बराच वेळ शब्द शोधला. आज मी थांबले.

"घंटी वाजली की तू यायचीस," ते म्हणाले. "कटकटत. तो नुसता यायचा."

मी खाली गेले, पेचकस घेतला आणि फाटकाच्या बिजागऱ्या सोडवल्या. शेवटचा स्क्रू निघायच्या आत ठोंब्या माझ्या अंगावरून वर गेला. हे मेजापाशी उभे होते, जखमी हात गळ्यात बांधलेला. काय करतेस म्हणून विचारलं. सगळं सांगितलं. यांनी मनगटाकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं आणि म्हणाले, तूच म्हणत होतीस ना, जाऊ दे म्हणून? म्हटलं, हो, मी म्हणत होते. कुत्रा आता वर राहील, काच खाली राहील, आणि दुपारी एक तास तुम्ही वर बसाल. गळ्यात हात घेऊन बसायला कुठेही जमतं.

रविवारी गोदामवाला साखळी घेऊन आला. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. चिडला, शब्दाला किंमत नाही म्हणाला. खरंच होतं ते.

मास्तर अजून येतात. कारण मिळालं म्हणजे खोड गेली असं नसतं, म्हणाले. डोक्यात पडलेला रूळ लगेच उखडत नाही. अजूनही काच हलली की ठोंब्या ताठ होतो, भिंत शोधतो. मग मी बघत नाही, ओरडत नाही, कापडाची गुंडाळी पुढे टाकते. दिवसातून दहा वेळांच्या चार वेळा झाल्यात. आणखी सहा महिने लागतील, असं ते म्हणतात.

घंटी बाबांनी खिडकीत सरकवलीय. अजून एकदाही वाजलेली नाही. मी आपली पावणेअकरालाच वर जाते, तोंड बंद ठेवून. चवथ्या पायरीवर काहीतरी बडबडायला येतं, ते गिळते. मला किती महिने लागतील, हे मी मास्तरांना विचारलेलं नाही.