अश्रू उद्या!

धाकट्या बहिणीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. "दादा, मागची खोली रिकामी आहे. आता एकटा राहू नकोस, इकडे ये. नाही म्हणालास तरी चालेल, पण काहीतरी म्हण." सोबत तिकीट लावलेलं पाकीट, कारण ती मला ओळखून आहे. उत्तराचा कच्चा मजकूर मी लिहिला होता. पक्का करायला घेतला की मात्र एकेक वाक्य आगाऊ वाटू लागे. शेवटी तो कागद पाकिटासकट हातातल्या पुस्तकात खूण म्हणून राहिला. पुस्तक पुढे सरकत होतं, उत्तर नाही.

एका दुपारी खालच्या मजल्यावरचा शिंपी दारात उभा राहिला. अंगात चंदेरी कोट, त्यावर पांढरे कच्चे टाके लोंबताहेत.

"काका, उठा. बाईंचा सिनेमा. फुकट!"

बाई म्हणजे त्याची लाडकी पॉपगायिका. शनिवारी मोठा कार्यक्रम होता, शुक्रवारी त्या गेल्या. तालमींचं चित्रण तेवढं मागे उरलं. त्याचाच हा सिनेमा.

"अहो, कोट अर्धवट आहे."

"पक्का उद्या. आज नुसती तालीमच आहे ना!"

मला वाटलं, तो सिनेमाबद्दल बोलतोय; पुस्तक काखेत धरून निघालो. पण थिएटरात मॅनेजर भोंगा घेऊन उभा होता. उद्याच्या पहिल्या खेळाला बडे पाहुणे येणार, म्हणून आज प्रेक्षकांची तालीम. टाळ्या वाजवायच्या, पण तळहात टेकवायचे नाहीत. हुंदका आला तर गिळायचा.

"सगळं उद्यासाठी राखून ठेवा!"

पडद्यावर बाई ओठांतल्या ओठांत गात होत्या. मध्येच थांबून वादकांना म्हणाल्या, "आज गळा राखते हं. खरं शनिवारी." भरलं थिएटर आवाज न करता हात हलवत बसलं. शिंप्याचे डोळे भरून आले.

"चंदेरी कोट! अश्रू उद्या!" मॅनेजर ओरडला. मग सिनेमा थांबवून माझ्याकडे वळला. "आणि पुस्तकवाले काका, तुम्ही अजिबात भारावलेले दिसत नाही. पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. पुन्हा थांबवलं. चारचौघांत मी कधी तोंड उघडत नाही, पण निघून गेलं तोंडून, "उद्याचा खेळ झालाच नाही तर?"

"न व्हायला काय झालं? सगळी तयारी झालीय!"

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. बाई एक हात वर करून, तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबल्या होत्या. त्यांचीही सगळी तयारी झाली होती.

शिंपी उठला आणि त्याने टाळी वाजवली. खरी. दुसऱ्या टाळीला उजवी बाही खांद्यापासून सुटली आणि पुढच्या गृहस्थांच्या टकलावर जाऊन पडली. मग अख्खं थिएटर कडाडलं. मॅनेजर भोंग्यातून "उद्या! उद्या!" ओरडत होता आणि स्वतःच रडत होता.

बाहेर कोपऱ्यावर टपालपेटी होती.

"जरा पाठ इकडे करा," मी शिंप्याला म्हणालो.

"बेताने हं काका, टाचण्या आहेत."

त्याच्या पाठीवर मी कागद ठेवला. "विचार करून कळवतो" यावर काट मारली आणि "येतो" लिहिलं.

"नीट उतरवून नाही काढणार?"

"नाही."

पाकीट पेटीत टाकलं. मग लक्षात आलं, पुस्तकातली खूण गेली. शिंप्याने सुटलेली बाही पुढे केली.