उपमंत्र्यांना आणायची मोटार

फॉस्टिन डिसोझा जन्मभर बोटीवर नोकरीला होता. बोटीवर तो साहेबांच्या जेवणघरात सूप वाढत असे. पण निवृत्त होऊन गावी आल्यावर, वर्ष उलटेल तसा तो गप्पांमधून एकेक जिना खाली उतरत गेला आणि शेवटी इंजिनघरात पोचला. गावात कुणी बोटीचं इंजिन पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे हरकत घ्यायला कुणी नव्हतं.

मुंबईहून येताना त्याने एक जुनी काळी विलायती मोटार विकत घेतली होती. फोंडाघाट उतरून ती गावात शिरली तेव्हा तिच्या नाकातोंडातून वाफा निघत होत्या आणि भोंगा आपोआप वाजत होता. तरी देवगडपर्यंतच्या टापूत दुसरी मोटार नव्हती. मोठ्या घरचं लग्न असलं की ती फुलांनी सजून निघे. एरवी झावळांच्या मांडवात चादर पांघरून उभी असे, आणि फॉस्टिन रोज सकाळी ती चादर काढून तिला पुसत असे.

अठ्ठावन्न सालच्या मार्चात गावाच्या खाडीवर साकव बांधून झाला. लोक महिनाभर त्याच्यावरून जात-येत होते. मग स्वागत समितीचे अध्यक्ष, आंब्याचे व्यापारी काशीरामशेट, यांच्या लक्षात आलं की साकवाचं उद्घाटन व्हायचं राहिलंय. त्यांनी दोन्ही टोकांना बांबू आडवे बांधले आणि लोक पुन्हा चिखलातून जाऊ लागले. बऱ्याच खटपटीने एक उपमंत्री मिळाले. ते आगबोटीने देवगड बंदरात उतरणार होते. तिथून त्यांना आणायचं म्हणजे फॉस्टिनची मोटार हवी.

त्या सकाळी मोटारीला झेंडूच्या माळा घातल्या. फॉस्टिनने ठेवणीतला कोट चढवला, गाडीत बसून बटण दाबलं. इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"थंड पडलीहा," फॉस्टिन म्हणाला. "बोटीचा इंजिन पण सकाळी असाच करता."

मग हँडल आणलं. ते पुढे घालून दोघातिघांनी फिरवलं. तिसऱ्याचा अंगठा दुखावला, गाडी होती तशीच राहिली.

मामलेदार कचेरीतून आलेले अव्वल कारकून छत्री टेकून उभे होते. ते म्हणाले, "सदर वाहनात पेट्रोल आहे की नाही, याची खातरजमा झाली आहे काय?"

टाकीत काठी घातली. ती ओली निघाली. कारकुनांनी स्वतः वास घेतला आणि समाधानाने मान हलवली, जणू अर्धी दुरुस्ती झाली.

"पेट्रोल आसा, पण भेसळीचा असतला," काशीरामशेट म्हणाले. आंब्याच्या पेटीत तळाला बारकी फळं कशी घालतात ते त्यांना चांगलं ठाऊक असल्याने त्यांचा संशय नेहमी तळाकडे जाई.

तेवढ्यात गावकर विठोबा पुढे आले. गावातली गाऱ्हाणी देवापुढे तेच घालत. "नवीन काम काढलास, देवाक नारळ ठेवलास काय?" त्यांनी विचारलं. कुणीच ठेवला नव्हता. नारळ आला. फॉस्टिनने आत जाऊन क्रुसापुढे मेणबत्ती लावली, म्हणजे दोन्हीकडचा बंदोबस्त झाला. विठोबांनी बॉनेटसमोर उभं राहून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ही फॉस्टिनची गाडी अडलीहा, ती सुरळीत चलान दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"पावण्यांका सुखरूप घेवन ये रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि माझ्या बागेक जो रस्तो काशीरामशेटनी बंद केल्यानी हा, तो मोकळो करूची बुद्धी त्येंका दी रे म्हाराजा."

या वेळी होय म्हणायला माणसं कमी निघाली. नारळ फुटला. फॉस्टिनने बटण दाबलं, पण इंजिनाने काही मनावर घेतलं नाही.

अखेर बाळाला बोलावलं. बाळा आंब्याचा ट्रक चालवायचा आणि कोल्हापुरापर्यंत आपल्यासारखा ड्रायव्हर नाही असं स्वतःच सांगायचा. त्याने बाह्या वर केल्या, सगळ्यांना दोन पावलं मागे सरकवलं, आधी कार्बोरेटर उघडला आणि त्यातच दोष असल्याचं जाहीर केलं. तो साफ करून बसवला. मग दोष बॅटरीत असल्याचं जाहीर केलं. तिची टोकं घासली. मग प्लग काढले, पुसले, फुंकले. प्रत्येक वेळी तो "आता बगा" म्हणे आणि प्रत्येक वेळी लोक बघत.

"तेल येता, पण ठिणगी नाय," शेवटी तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. मग त्याने बाजूच्या गोल डब्याचं झाकण काढलं. चारी प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटायचं काम त्या डब्यातला एक फिरता काळा तुकडा करतो. त्याला रोटर म्हणतात. डब्यात तो नव्हता.

"कोणी तरी काढून नेल्यान," बाळा म्हणाला.

आतापर्यंत जे यंत्राचं दुखणं होतं ते क्षणात राजकारण झालं. "हो विरोधकांचो डाव," काशीरामशेट म्हणाले. गावात विरोधक म्हणजे एक शिंपी होता, आणि तो सकाळपासून मेव्हण्याकडे बारशाला गेला होता. तरीही कारकुनांनी पंचनामा करावा लागेल असं सांगितलं आणि पंच म्हणून कोण उभं राहणार ते विचारलं. माणसं पांगू लागली.

फॉस्टिनची बायको वेरोनिका सकाळपासून सगळ्यांना चहा देत होती. रिकाम्या कपांचं ताट घेऊन ती पायरीवर उभी राहिली.

"पंचनामो नको. तो तुकडो माझ्याकडे आसा," ती म्हणाली.

फॉस्टिनला आधी हसूच आलं. मुंबईला जाताना गाडी कुणी पळवू नये म्हणून रोटर काढून बायकोजवळ ठेवायची युक्ती त्याचीच. "विसारलंस घालूक? घेवन ये बेगीन."

"विसारलंय नाय. काल मीच काढलंय." तिने ताट खाली ठेवलं. "गेल्या म्हयन्यात मासे इकणाऱ्या गंगूच्या लेकीक, मथुराक, कळा येयत होत्यो, तेव्हा गंगू हयच पायरेर येवन बसली होती. तू तिका सांगलंस, बॅटरी उतरलीहा. तिका खाटल्यार घालून खांद्यावरसून दवाखान्यात न्हेली. मी तिच्या वांगडा चलत गेलंय. पोटातलो झील वाटेतच गेलो. आणि दुसऱ्या दिवशी ह्याच गाडयेतसून काशीरामशेटचो भाचो साखरपुड्याक गेलो."

बाळा प्लग पुसू लागला, तो आधीच पुसलेला होता.

"बरा, मगे आता काय होया तुका?" फॉस्टिनने विचारलं.

"कोणाच्याय घरातला माणूस आजारी पडला तर गाडी जातली, असा सांग."

काशीरामशेटनी तात्काळ हात वर केला. "समितीच्या वतीन मी वचन देतंय."

"तुमचा नको शेट. गाडी तुमची नाय."

फॉस्टिनच्या मानेपर्यंत लाली चढली. चारचौघांत बायकोसमोर कबूल व्हायचं त्याच्याने होईना. "माझ्या गाडयेचो सौदो मी लोकांसमोर करूचंय नाय," म्हणून तो कोट घालूनच ओसरीवर जाऊन बसला. वेरोनिका कप विसळायला आत गेली. लांबून आगबोटीचा भोंगा ऐकू आला.

मग विठोबांची बैलगाडी जुंपली. मोटारीवरच्या माळा उतरवून बैलांच्या गळ्यात घातल्या. बैलांनी त्यातल्या दोन वाटेत खाल्ल्या. उपमंत्री उन्हातून धक्के खात आले, पण बरोबरच्या फोटोवाल्याला बैलगाडी फार आवडली. भाषणात उपमंत्र्यांनी खेड्याच्या साधेपणाचं कौतुक केलं, पेट्रोल परदेशातून येतं याची आठवण दिली, आणि ही कल्पना कुणाची असं विचारलं. काशीरामशेट नम्रपणे उभे राहिले.

फॉस्टिन उद्घाटनाला गेला नाही. त्या दिवसापासून त्याच्या बोटीच्या गप्पा बंद झाल्या. मोटारीवरची चादरही त्याने काढली नाही. नवराबायको जेवायला एकत्र बसत, पण मीठ हवं असलं तर तो उठून घेई.

एका सकाळी तो गंगूच्या घरी गेला. गंगू मासे विकायला निघायच्या तयारीत पाटीत बांगडे रचत होती. मथुरा आत पडवीत जाळं विणत होती. फॉस्टिन दाराशी उभा राहिला.

"गंगू, त्या दिवशी बॅटरी उतारलली नाय," तो म्हणाला.

"माका ठावक होता," गंगूने वर न बघता उत्तर दिलं.

"सीट नवी केललंय. घाण होयत म्हणान..."

गंगूने शेवटचा बांगडा ठेवला, वर पाला घातला. "माका सांगून काय बाब? तिका सांग," असं म्हणून तिने पडवीकडे मान केली.

फॉस्टिन मथुराशेजारी जमिनीवर बसला. त्याने काय सांगितलं ते गंगूने ऐकलं नाही, ती मुद्दाम अंगणात गेली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या विजारीला माशांचे खवले चिकटले होते. घरी आल्यावर त्याने वेरोनिकाला फक्त एवढंच म्हटलं, "जातली गाडी. कोणाच्याय घराक." तिने झग्याच्या खिशातून रोटर काढून त्याच्या हातावर ठेवला.

आजारी माणूस मिळायला वेळ लागला नाही. साकवाच्या यशाबद्दल काशीरामशेटचा सत्कार झाला, आणि सत्काराच्या जेवणाने त्यांच्या पोटात असा मुरडा धरला की ते आडवे झाले. मोटार पहिल्या बटणाला सुरू झाली. मागच्या सीटवर शेट कण्हत होते, पुढे वेरोनिका बसली होती. बाजाराच्या वाटेवर डोक्यावर पाटी घेतलेली गंगू दिसली, तशी वेरोनिकाने नवऱ्याच्या कोपराला हात लावला. फॉस्टिनने गाडी थांबवली.

"ह्या वासान माका अधिक होयत," शेट मागून म्हणाले.

गंगू तरी पाटी मांडीवर घेऊन त्यांच्याशेजारी बसली. पुढच्या वळणावर शेटना खरोखरच ओकारी झाली. अर्धी नव्या सीटवर गेली. फॉस्टिनने आरशातून पाहिलं आणि गाडी तशीच चालवत राहिला. गंगूने लुगड्याच्या पदराने शेटचं तोंड पुसलं, त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं आणि ती म्हणाली, "सावकाश चलय रे बाब. खड्डे आसत."