तक्रार आहे

उद्या ॲनिशाचं लग्न होतं, म्हणून तिने पप्पांचे नवे बूट थेट वसईच्या कोर्टात आणले होते. जामीन झाला की तेच घालून घरी येतील. पण बूट पायांत जाईनात. तळवे सुजले होते.

तिच्या पप्पांची, सिप्रियनची, सांडोरला केळीची वाडी. वाडीतून रस्ता काढण्यासाठी ठोकलेल्या मोजणीच्या खुंट्या त्याने उपटल्या होत्या. ते तो कबूल करत होता. सरकारी माणसाला मारलं, हे मात्र त्याने कबूल केलं नाही. त्या कबुलीसाठी ठाण्यात त्याच्या तळव्यांवर पट्टा चालला.

वकील ऑस्कर गावातलाच. कोर्टाच्या व्हरांड्यात तो हळू आवाजात म्हणाला, "काका, मॅजिस्ट्रेट मॅडम विचारतील, पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का? सगळे 'नाही' म्हणतात. तुम्हीही म्हणा. मग पोलीस जामिनाला आडवे येणार नाहीत. बोलणं झालंय."

"आणि मार खाल्ला तो?"

"राज्यघटना कुठे पळून जात नाही, काका. लग्न मात्र उद्या आहे."

सिप्रियनने मुलीकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका, पप्पा. मार मी खाल्लेला नाही."

पुकारा झाला. मॅडमनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

टायपिस्टने सवयीने 'नाही' टाइप केलंही.

"आहे," सिप्रियन म्हणाला.

मॅडमनी वर पाहिलं. सिप्रियनने एक पाय उचलून तळवा दाखवला.

हवालदार पुढे झाला. "मॅडम, हा वाडीत अनवाणीच हिंडतो. काटे लागले असतील."

"केळीला काटे कुठले?" सिप्रियन म्हणाला.

मागे कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "ते 'नाही' खोडा," त्यांनी टायपिस्टला सांगितलं आणि सिप्रियनचा शब्द न् शब्द लिहून घेतला. आधी वैद्यकीय तपासणीचा हुकूम झाला. सरकारी वकिलाने जामिनाला विरोध केला. सुनावणी उद्या दुपारी.

सिप्रियनला बाहेर नेताना हवालदाराने ॲनिशाला गाठलं. "झाली बापाची हौस? आता चर्चमध्ये तुला कोण नेणार?"

"पप्पाच नेतील. फादरना सांगते, नवरी उशिरा येणार."

"आणि नाही सुटला तर?"

"तर परवा येणार."

ती बाजारात गेली आणि बूट बदलून दोन नंबर मोठे घेतले.