एक वाक्य काढायचं होतं

मोहन सावे रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून निवृत्त झाले, त्याला सहा वर्षं झाली. उजव्या हाताला कंप सुटल्यापासून त्यांचं कागदावर लिहिणं बंदच पडलं होतं. म्हणून मुलीला लिहायचं पत्र त्यांनी डहाणूच्या घरी बसून मोबाइलमध्ये बोलून लिहिलं. ते बोलायचे, फोन अक्षरं उमटवायचा. तीन आठवडे लागले.

मुलीचं नाव पूर्वी; ती तलासरीला शिक्षिका. अंतर तासाभराचं, पण आठ महिने बापलेकीचं बोलणं नव्हतं. सुषमाच्या, म्हणजे मोहनरावांच्या बायकोच्या, मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा पूर्वी डहाणूत थांबली नाही, आईला घेऊन थेट वापीच्या मोठ्या इस्पितळात गेली. चौथ्या दिवशी सुषमा गेली. तेराव्याला भरल्या पंगतीत मोहनराव बोलून गेले, "इथेच ठेवली असती तर वाचली असती." पूर्वी भात वाढत होती. तिने भांडं खाली ठेवलं, चपला घातल्या आणि निघून गेली.

पत्रात त्यांनी माफी मागितली होती. पण मध्येच एक वाक्य येऊन बसलं होतं: 'तरीपण वापीचा रस्ता लांबचा होता, हे तू मान्य करशील.' रविवारी सकाळी पाठवण्याआधी वाचताना ते खटकलं. काढावं म्हणून त्यांनी बोट ठेवलं, तर पडद्यावर चौकोन आला: 'बदल करण्यासाठी साइन इन करा.'

कालपर्यंत असलं काही नव्हतं. पत्र वाचता येत होतं, पाठवताही येत होतं, फक्त त्यातलं अक्षर हलत नव्हतं. फोन बंद करून चालू केला, तरी चौकोन तसाच. आपलंच पत्र, आपलाच फोन, मग परवानगी कोणाची?

ते इराणी रोडवर मिथुनच्या मोबाइलच्या दुकानात गेले.

"काका, नवीन अपडेटमध्ये लॉगिन कंपल्सरी केलंय," मिथुन म्हणाला. "द्या इकडे, कॉपी करून दुसरीकडे टाकतो."

"नको." मोहनरावांनी फोन छातीशी धरला. "खाजगी आहे."

"मग पासवर्ड टाका."

"पासवर्ड मला काय माहीत? ते सगळं मुलीने करून दिलं होतं."

"तर 'पासवर्ड विसरलो' दाबा. कोड येईल, तो टाका. झालं."

दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी दाबलं. कोड आला नाही. पुन्हा दाबलं, मग तिसऱ्यांदा. 'कोड पाठवला आहे,' असं फोन सांगत होता. कुठे पाठवला, ते काही कळेना.

एवढ्यात फोन वाजला. पडद्यावर मुलीचं नाव बघून त्यांना वाटलं, आपलाच चुकून लागला की काय.

"बाबा, तुमच्या अकाउंटमध्ये कोणीतरी घुसतंय. मला तीनदा कोड आला."

"तुला? तो मला यायला हवा ना?"

"अकाउंट उघडताना माझा नंबर टाकला होता. तुम्हीच दाबताय का?"

"हो, मीच. एक वाक्य काढायचंय."

"कशातलं?"

"तुला लिहिलेल्या पत्रातलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग पूर्वीने विचारलं, "कुठलं वाक्य?"

खोटं सांगता आलं असतं. त्यांनी चष्मा सावरला आणि जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"का काढताय? खरं नाही म्हणून, की मला लागेल म्हणून?"

"मला कळत नाही गं. कधी वाटतं, इथे ठेवली असती तर. कधी वाटतं, तू नेलीस म्हणून चार दिवस तरी मिळाले. दोन्ही खरंच वाटतं."

"मलाही कळत नाही, बाबा." "अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. मी ड्रायव्हरला उलट्या बाजूने गाडी घालायला लावली. आईचा हात माझ्या हातात होता. तो रस्ता मला रोज आठवतो."

"हे तू सांगितलं नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं कुठे?"

रिक्षावाले भाड्यासाठी ओरडत होते. मोहनराव दुसऱ्या कानावर हात दाबून बसून राहिले.

"कोड घ्या," अखेर ती म्हणाली आणि एकेक आकडा सांगू लागली. कापऱ्या बोटाने एक आकडा चुकला. तिने नवा कोड मागवायला लावला आणि आणखी सावकाश सांगितला. या वेळी पत्र उघडलं.

"उघडलं?"

"उघडलं. आता काढू की ठेवू?"

"तुम्ही ठरवा. पण पाठवा मात्र," म्हणून तिने फोन ठेवला.

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग 'तरीपण' काढलं. 'हे तू मान्य करशील' तेही काढलं. मधलं राहू दिलं: वापीचा रस्ता लांबचा होता. आणि पत्र पाठवून दिलं.

दहा मिनिटांनी उत्तर आलं: 'संध्याकाळी वाचते. आत्ता नको.'

हे चांगलं की वाईट, ते त्यांना कळेना. मिथुनला विचारण्यासारखीही गोष्ट नव्हती. ते उठले आणि घराच्या दिशेने चालू लागले.