येडूच्या मडक्यातलं पाणी

सोलापुरात आमच्या गिरणीच्या फाटकासमोर त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. ओट्यावर सूत्रानंदबुवा विराजमान होते. पुढ्यात विणकराचा धोटा, त्यात भंडाऱ्यानं पिवळीधम्मक केलेली सुताची कांडी.

"ह्या सुतात म्या मंत्र भरलाय!" बुवा गरजले. "शुद्ध तोंड लागलं तर पिवळंच ऱ्हाईल. अशुद्ध लागलं की रगत!"

हा सारा थाट येडूसाठी होता. येडू अस्पृश्य वस्तीतला, दहा वर्षं सूतकताईच्या खात्यात राबलेला. विणकामाच्या खात्यात पगार बरा, पण तिथं त्याला दार बंद. कारण काय, तर कांडी बदलताना विणकर धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घेतात, आणि एकाचा धोटा दुसऱ्याच्या हाती जातो. संपात खांद्याला खांदा लावून बसलेल्या आमच्या मंडळींनी येडूला माग द्यायचं कबूल केलं होतं. तशी ही मंडळी एकीची भोक्ती. घोषणा देऊन घसा कोरडा करायची आणि मग पाणी प्यायला आपापला वेगळा तांब्या शोधायची. महिपती जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, तो माग आपल्या मेहुण्यासाठी हवा होता. त्यानं ही नस ओळखली आणि बुवांना आणलं. सूत लाल झालं तर येडूला माग नाही, असं ठरलं. मी गिरणीतला कारकून. मला बुवा पटत नाहीत, पण मीही गप्प बसलो.

आधी चार विणकरांनी तांब्यातल्या तीर्थानं चूळ भरून सूत ओढलं. पिवळंच राहिलं. येडूसाठी अर्थातच वेगळं मडकं. महिपतीनं लांबूनच त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"पानी कसंतरी लागतंय की," येडू म्हणाला.

"पाप्याला तीर्थ गोड कसं लागंल?" बुवा म्हणाले, आणि लोक हसले.

येडूनं सूत ओढलं. बघता बघता ते लालभडक!

"रगत! रगत!" एकच गिल्ला झाला. येडू खाली मान घालून निघाला. मला माझीच लाज वाटली.

"थांब की रं येडू!" फाटकाशी कुंकू विकणारी तानाबाई पुढं आली. तिनं सूत बोटांत धरून पाहिलं. "बुवा, ह्याला रगत म्हंता व्हय? आवो, ह्या रंगावर माझी चूल पेटती!"

तिनं ते मडकं उचललं, चूळ भरली आणि सुताचा कोरा पिवळा भाग ओठांत धरला. तोही लाल!

"बाटलीस! येडूच्या मडक्यानं बाटलीस!" बुवा ओरडले.

"आसं? मग येडूला तुमच्या तांब्यातलं द्या."

"तांब्या इटाळंल!"

तांब्याला हात कोणी घालावा? सगळे एकमेकांकडं बघू लागले. शेवटी म्हातारा विणकर गुरुसिद्धप्पा उठला. "इटाळू दे की. खरं तरी कळंल," म्हणत त्यानं तांब्या येडूच्या हातात दिला. "चांगल्या चार चुळा भर, बाबा."

येडूनं चुळा भरल्या, तोंड पुसलं आणि पुन्हा सूत ओढलं. पिवळं ते पिवळंच राहिलं!

तानाबाईनं मडकं उपडं केलं. तळाशी पांढरा गाळ होता. "चुना! हळदीला चुना लागला की लाल व्हतंय. आमी कुंकू आसंच करतो. मंतर न्हाय त्यात."

गर्दीतल्या बायका खो खो हसल्या. घराघरात हळद, पानाच्या डब्यात चुना, तरी सगळे फसले! बुवा भंडाऱ्याची पिशवी तिथंच टाकून पसार झाले. महिपतीला अचानक घरचं काम आठवलं.

सोमवारी येडू मागावर उभा राहिला. दोघा विणकरांनी त्याच्या शेजारचा माग नको म्हणून कुरकुर केली. गुरुसिद्धप्पानं मात्र येडूनं भरलेला धोटा सर्वांदेखत घेतला आणि ओठांना लावून सूत ओढलं.

बुवांची अक्कल फार नव्हती. पाचशे माणसांपैकी एकजणही त्या मडक्याला हात लावणार नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर चमत्कार उभा राहिला. तेव्हा बाबांनो, 'ह्याला शिवू नका' असं सांगून कोणी एखादं भांडं बाजूला ठेवलं, तर आधी त्यातलंच पाणी चाखून बघा.