घट्ट बोल्टाखालचा थेंब

मी एका जुन्या मोटारसायकलचे उजव्या बाजूचे इंजिन-कव्हर आहे. मला आठ बोल्ट आहेत. आठही घट्ट आहेत. खालच्या कोपऱ्यातल्या बोल्टापाशी माझ्यातून तेल गळत असे.

मित्रांनो, माझा जन्म चाकणच्या एका कारखान्यात झाला. वितळलेले ॲल्युमिनियम साच्यात दाबले गेले, आणि निवाल्यावर माझी इंजिनाला टेकणारी कड घासून सपाट करण्यात आली. माझे काम एकच, क्लच झाकायचा आणि तेल आत ठेवायचे. इंजिन आणि मी यांच्यामध्ये कागदाचे पातळ पॅकिंग असते. बोल्ट आवळले की पॅकिंग दाबले जाते आणि तेलाची वाट बंद होते. हे शास्त्र आपल्याला पुरते उमगले आहे, अशी माझी समजूत होती.

आमचे मालक अर्जुनराव लातूरकडून पिंपरीला आले आणि लेथ मशीनवर लागले. दिघीतल्या घरापासून कारखान्यापर्यंत आम्ही त्यांना वर्षानुवर्षे नेले-आणले. दर खंडेनवमीला ते आपले लेथ पुसून त्याची पूजा करीत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या खंडेनवमीला त्यांच्यापुढे लेथ नव्हते, गाडी होती. त्यांनी माझे आठही बोल्ट काढून एका ताटात ठेवले, डिझेलमध्ये धुतले, पॉलिशने चकचकीत केले आणि पुन्हा बसवले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी माझे कौतुक केले. मीही सुखावलो.

काही दिवसांनी अंगणातल्या फरशीवर पहिला थेंब पडला.

तोवर गाडी अर्जुनरावांची मुलगी योगिनी चालवू लागली होती. ती चाकणच्या एका कंपनीत सुट्या भागांची तपासणी करते. गळलेले तेल सायलेन्सरवर पडून धूर होई. एकदा कंपनीच्या फाटकावर रखवालदाराने तिला अडवले. “मॅडम, गाडी हाय का तेलाची घाणी? आत न्हाई लावायची.”

सयाजीच्या गॅरेजमध्ये माझी पहिली फेरी झाली. सयाजी हलगर्जी नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्याने पुठ्ठ्यावर माझी आकृती काढली, भोके पाडली आणि ज्या जागेवरून जो बोल्ट निघाला तो त्याच जागी खोचून ठेवला. जुने पॅकिंग त्याने प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले. स्क्रू-ड्रायव्हर लावला असता तर माझ्या कडेवर चरे पडले असते. नवे पॅकिंग घालून त्याने बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले. तेल गळले. दुसऱ्या खेपेला त्याने फटी बुजवणारे सीलंट लावले. तेल गळले. तिसऱ्या खेपेला मला काचेवर ठेवून कड तपासली. ती सपाट होती. इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी फुंकून पाहिली. ती मोकळी होती. शेजारच्या सुमनताईंनी हँडलला लिंबू-मिरची बांधली. त्यानंतरही गळतीत फरक आढळला नाही.

माझा गोंधळ वाढत गेला. मला तडा नव्हता, माझी कड वाकडी नव्हती, पॅकिंग नवे होते, पाना म्हणत होता की बोल्ट घट्ट आहे. प्रत्येक विधान खरे होते, आणि सगळी मिळून खोटी ठरत होती. मग दोष कोणाचा? एखाद्या वस्तूला आपले काम येत नसावे आणि ते तिला कळूही नये, असे होते का?

अखेर अर्जुनरावांनी भंगारवाल्याला रविवारी बोलावले.

“बाबा, मग मी पहिल्या शिफ्टला जाऊ कशी? त्या वेळेला दिघीहून थेट बस तरी आहे का?” योगिनी म्हणाली.

“धूर ओकणाऱ्या गाडीवर पाठवू का तुला?”

रविवारी सकाळी तिने गाडी शेवटची म्हणून सयाजीकडे नेली. अर्जुनरावही गेले.

“ताई, ही गाडी मला सपनात दिसती आता,” सयाजी म्हणाला आणि मला उघडले.

योगिनीने काढलेले पॅकिंग उजेडात धरले. सात भोकांभोवती दाबाची स्पष्ट गोल खूण होती. आठव्याभोवती कागद कोरा होता.

“सयाजीदादा, हा खालचा बोल्ट घट्ट होता ना?”

“घट्ट? दात-ओठ खाऊन आवळलाय!”

“मग कागद का नाही दबला?”

योगिनीने मला इंजिनावर टेकवायला सांगितले आणि आठही बोल्ट न आवळता आपापल्या भोकांत सोडायला लावले. खालचे एक डोके इतरांपेक्षा उंच राहिले, वरचे एक जास्त आत गेले. तिने दोन्ही बोल्ट काढून शेजारी शेजारी धरले. खालचा वरच्याहून थोडा लांब होता.

“आयला!” सयाजी म्हणाला. “म्या तर पुठ्ठ्यावरनं जसंच्या तसं लावत आलो.”

“चुकीचंसुद्धा जसंच्या तसं,” योगिनी म्हणाली.

अर्जुनराव दोन्ही बोल्टांकडे पाहत राहिले. “पॉलिश करताना मीच सगळे एका ताटात टाकले होते गं.”

बोल्टांची अदलाबदल झाली. नवे पॅकिंग बसले, सीलंटशिवाय. योगिनी मोशीपर्यंत जाऊन आली. गाडीखाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा राहिला. भंगारवाला आला, तेव्हा अर्जुनरावांनी त्याला चहा पाजून परत पाठवले.

मित्रांनो, यंत्राची सेवा जरूर करा. पण खोलण्याआधी कोणता बोल्ट कुठला, हे पाहून ठेवा. आणि पाना घट्ट म्हणतो तेव्हा काय घट्ट झाले, तेही विचारा. माझ्या गळतीचे कारण असे होते: लांब बोल्ट आखूड भोकात गेला होता, तो माझ्यावर दाब येण्यापूर्वीच भोकाच्या तळाला टेकला आणि तिथेच घट्ट झाला.